टाक्यांमागचं अळू

श्रावणातला सोमवार. सातला ऊन, साडेसातला सर, आठला पुन्हा ऊन. मरोळच्या त्या बंद कारखान्याच्या पत्र्यांवरून वाफ निघत होती. वॉचमन दत्ताराम घाडी लुंगी गुडघ्यावर खोचून टाक्यांमागच्या चिखलात अनवाणी उभा होता, विळ्याने अळू कापत होता. पानं सुपाएवढी, देठ काळपट. मागच्या चाळीत बारा बिऱ्हाडं, सगळ्यांचा उपास, आणि संध्याकाळी तो सुटायचा अळूच्या भाजीवर. नऊच्या आत बारा घरांत बारा जुड्या पोचल्या.

चाळ कारखान्याचीच, कामगारांसाठी बांधलेली. दत्ताराम सतराव्या वर्षी कणकवलीहून मामाबरोबर आला तो इथेच क्रोमच्या टाकीवर लागला. नळ, कड्या, सायकलींचे हँडल चकचकीत करायचे. टाकीच्या वाफेने चार वर्षांत त्याच्या नाकाच्या पडद्याला भोक पडलं. श्वास घेतला की आतून बारीक शिटी वाजे. चाळीतली पोरं हसत, तोही हसे. "कारखान्याचो भोंगो बंद झालो, माझो चालू आसा," म्हणे.

कारखाना बंद पडला त्या आठवड्यात मॅनेजरने टाक्यांतला गाळ मागे पुरायला सांगितला. दत्तारामने तीन दिवस खड्डा खणला, पिवळा गाळ ओतला, वर माती लोटली. मालकाने त्यालाच वॉचमन ठेवलं. समोर एवढी ओली जमीन नुसती पडलेली. कोकणातल्या माणसाला ते बघवेना. गावाकडे मोरीचं पाणी जिरतं तिथे अळू असतंच. त्याने गावाहून कंद आणले. पहिल्या वर्षी जळले. दुसऱ्या वर्षी जळले. तिसऱ्या वर्षी धरले, तेव्हा त्याला वाटलं, जमीन बरी झाली. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नसतं, म्हणून बायका दत्तारामच्या हातचंच अळू मागून न्यायच्या. वीस वर्षं.

दहाला माती तपासणाऱ्यांचा टेम्पो आला. जुन्या कारखान्यांच्या जमिनीत विष आहे का, ते आपल्या खर्चाने तपासून घ्यायला पालिकेने पैसे मंजूर केले होते. जमिनीत काय निघेल या भीतीने बिल्डर फिरकत नव्हते. तपासणी झाली की ते येतील, असा हिशेब. चाळीचा सेक्रेटरी सुबोध आठवडाभर हवेत होता.

"दत्ताभाऊ, सहा भोकं पाडणार. सहा पास, की टॉवर! लिफ्टने वर जाल शिटी मारत."

प्रयोगशाळेची गंधाली कागदावरचा नकाशा बघत चुन्याच्या खुणा करत फिरली. अळवापाशी थांबली.

"इथे कशाला, मॅडम?" सुबोध म्हणाला. "बघा ना कसलं हिरवंगार आहे. झकास माती."

"नकाशात इथे मोकळं अंगणच आहे," ती म्हणाली. "काका, तुम्ही इथले जुने. मागे काही पुरलं-बिरलं नव्हतं ना?"

"नाय," दत्ताराम म्हणाला. सुबोध बघत होता ना.

अळू सोडून सहावी खूण फाटकाजवळ पडली. पहिलं भोक टाक्यांच्या पुढ्यात. मशीनने नळी ठोकली, उपसली, आणि नळीतून माती बाहेर आली ती पिवळी. हळदीसारखी. दत्ताराम वाकून हात लावणार, तोच गंधाली ओरडली.

"काका, हात नको! आधी पाय धुऊन या. साबणाने. अनवाणी काय फिरताय?"

तिच्या माणसांच्या हातात जाड मोजे, तोंडाला मास्क, पायांत गमबूट. दत्तारामने आपल्या पायांकडे बघितलं. बोटांच्या बेचक्यांत टाक्यांमागचा चिखल वाळला होता. सून रुचिरा सातव्या महिन्यात होती. डोहाळे अळूवडीचे. आठवड्यातून दोनदा तिच्यासाठी कोवळी पानं त्यानेच निवडून नेली होती.

"मॅडम," तो म्हणाला. श्वासाची शिटी वाजली. "मी खोटा बोललंय. ह्या अळवाखाली खड्डो आसा. गाळ मीच पुरलो."

सुबोधने त्याचा दंड धरला. "वेड लागलं काय? चाळीची वाट लावताय! हे रिपोर्टात गेलं तर कोण बिल्डर येईल?"

"आणि बिल्डिंग थंयच उभी रवली तर? आपलीच पोरां ऱ्हवतली ना?"

"गप बसा ओ! माझी आई..." सुबोध बोलता बोलता थांबला. दंडावरची त्याची बोटं सैल झाली. "सकाळी तुम्ही जुडी दिलीत ना आईला?"

दत्तारामने मान हलवली.

"मॅडम, खाल्लं तर काय होतं?" सुबोधने विचारलं.

"तपासल्याशिवाय नाही सांगता येणार. आठ-दहा दिवस लागतील." गंधाली अळवाच्या मधोमध चुना टाकत होती. वर बघितलं नाही. "तोवर कुणी खाऊ नका. एक पानही नाही."

दत्ताराम धावतच घरी आला. बायको प्रेमाने देठ सोलून परातीत ठेवले होते, रुचिरा पानं चिरत होती. त्याने परात उचलून सगळं पोत्यात ओतलं.

"अवो, काय करतास?" प्रेमा ओरडली. "उपास कशार सोडूचो?"

त्याने सांगितलं. प्रेमा खाली बसली. रुचिराने विळी बाजूला सारली, हात साडीला पुसले, मग दचकून साडीकडे बघितलं आणि मोरीत जाऊन हात घासत राहिली. नळ बराच वेळ वाहत होता.

"बाबा," ती आतून म्हणाली, "मी परवाही खाल्ल्या वड्या."

पोतं घेऊन तो दार दार फिरला. "अळू परत द्या," एवढंच म्हणे. विचारलं तर खड्ड्याचं सांगे. कुणी हसलं, कुणी शिव्या घातल्या. सुबोधच्या आईने जुडी दारातच टाकली आणि म्हणाली, "वीस वर्षांचं कसं परत घेणार रे, दत्ता?"

बारावी जुडी मिळाली तेव्हा चार वाजले होते. पोतं त्याने गंधालीच्या माणसांच्या हवाली केलं. तिने हातपाय साबणाने धुवायला लावले, रुचिराला डॉक्टरकडे न्यायला सांगितलं. तोवर प्रेमा रुचिराला घेऊन निघूनही गेली होती.

घरात कुणी नव्हतं. दिवेलागणीला उपास सोडायला घरच्यांना काहीतरी लागणारच होतं. दत्तारामने तांदूळ धुतले, कुकर लावला. मग आमटीला नारळ फोडला, खवणीची आडाळी घासून पुढे ओढली, आणि वाटी हातात धरून खवायला बसला.