एक्स्टर्नलच्या पेनाची टकटक

"आय डोन्ट नो, सर," वंदना म्हणाली.

हे तिचं तिसरं 'डोन्ट नो'. पहिल्याला मला काही वाटलं नाही. दुसऱ्याला वाटलं, घाबरली असेल, सावरेल. पण तिसरा प्रश्न तिच्याच थिसिसमधला होता. त्याचं उत्तर तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिनं दिलं असतं. समोर बसलेल्या एक्स्टर्नलनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मी दुसऱ्या बाकावर बसून पदराचं टोक पिळत होते.

एक्स्टर्नल म्हणजे बाहेरच्या विद्यापीठातून आलेले परीक्षक. पीएच.डी.चा थिसिस लिहून झाला, तपासून झाला, की शेवटी व्हायवा असते. ही तोंडी परीक्षा सगळ्यांसमोर होते, कुणीही येऊन ऐकावं. उमेदवार फळ्यापाशी उभा राहतो आणि एक्स्टर्नल विचारतील त्याला तोंड देतो. त्याचा गाइड, म्हणजे ज्याच्या हाताखाली त्यानं काम केलं तो प्राध्यापक, तिथंच बसलेला असतो. पण त्यानं तोंड उघडायचं नाही. गाइडनं नुसतं "हं" केलं तरी एक्स्टर्नलना वाटतं, हा उत्तर पुरवतोय.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. आमचं कॉलेज नाशिकचं, विभाग वनस्पतिशास्त्राचा. विभागप्रमुख देशपांडे सर, तेच वंदनाचे गाइड. मी त्यांच्या हाताखालची प्राध्यापक. आणि वंदना पगारे आमची सगळ्यात कष्टाळू मुलगी. वडील सातपूरला कारखान्यात मशीनवर. तिची फेलोशिप संपलेली होती. सिन्नरच्या कॉलेजनं तिला तात्पुरतं लेक्चरर म्हणून घेतलं होतं आणि स्पष्ट सांगितलं होतं, जूनच्या आत डिग्री दाखवा, नाहीतर जागा दुसऱ्याला. आज एक्स्टर्नल "पुन्हा तयारी करून या" म्हणाले, तर वर्ष गेलं आणि जागाही गेली.

तिचा विषय द्राक्षावरचा केवडा. पानाच्या वरच्या बाजूला तेलकट पिवळे डाग पडतात, खालून पांढरी बुरशी धरते आणि हां हां म्हणता बाग हातची जाते. आपल्याकडे ऑक्टोबरच्या छाटणीनंतर हा रोग उसळतो. मधले महिने तो लपतो कुठं, हे वंदना शोधत होती. बागाईतदार रोगट पानं गोळा करून बांधावर ढीग घालतात, बाग साफ झाली म्हणून निर्धास्त होतात. तिनं पिंपळगाव, निफाड पालथं घातलं, त्या ढिगांतली पानं पिशव्या भरभरून एस.टी.नं आणली. त्यांतले बुरशीचे बीजाणू, म्हणजे बुरशीचं बीच म्हणा ना, जिवंत असतात हे तिनं प्रयोगशाळेत रुजवून दाखवलं. ते मी माझ्या डोळ्यांनी मायक्रोस्कोपखाली बघितलं होतं.

आणि एक्स्टर्नलनी नेमकं तेच विचारलं होतं, की ढिगातले बीजाणू जिवंत आहेत हे कशावरून म्हणता? तिनं सुरुवात चांगली केली. "सर, मी ते रुजवून..." एवढं बोलली, आणि थांबली. "आय डोन्ट नो, सर."

आता थोडं मागं जाते, नाहीतर पुढचं समजायचं नाही.

आदल्या वर्षी आमचा विलास नावाचा विद्यार्थी व्हायवाला उभा राहिला होता. हुशार, पण जीभ सैल. एका प्रश्नाचं उत्तर येत नव्हतं, तर त्यानं थाप मारली. परीक्षक पडले मुरलेले. त्यांनी त्या थापेला धरून दुसरा प्रश्न विचारला, विलासनं दुसरी थाप मारली. शेवटी त्याची पार बोबडी वळली आणि थिसिस परत आला. देशपांडे सरांनी ते फार लावून घेतलं. मला बोलावून म्हणाले, आपण पोरांना प्रयोग शिकवतो, लिहायला शिकवतो, बोलायला कोण शिकवतं? दर शनिवारी दुपारी सगळ्यांना उभं करा, आणि थापा मारणं बंद करा.

तेव्हा अशा प्रशिक्षणाला काही नाव नव्हतं. पोरं त्याला शनिवारची तासणी म्हणायची. एकानं फळ्यापाशी उभं राहून आपलं काम सांगायचं, बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे. आणि बोलणारा थाप मारतोय असं ज्याला वाटेल, त्यानं बोटाच्या पेरांनी बाक वाजवायचा. टक टक. बाक वाजला की बोलणाऱ्यानं तिथंच थांबायचं. खात्री असेल तरच पुढं जायचं, नाहीतर सरळ 'आय डोन्ट नो' म्हणून मोकळं व्हायचं. पोरांना खेळ म्हणून ते भारी आवडलं. सगळ्यात जास्त बाक कोण वाजवायचं, तर विलास. स्वतः पोळलेला ना.

वंदना थापा मारणाऱ्यांतली नव्हतीच. पण तिचा स्वभाव असा, की कुणी "नक्की?" म्हटलं की तिला स्वतःचीच शंका यायची. बाक वाजला की ती गप्प व्हायची. मग मी म्हणायचे, बघा, ही खरी शास्त्रज्ञ, हिला हट्ट नाही. देशपांडे सरसुद्धा खूश. आम्ही दोघंही तिचं उदाहरण बाकीच्यांना द्यायचो.

तर आता परत व्हायवाकडे.

राघवन सर, म्हणजे ते एक्स्टर्नल, दक्षिणेकडून आलेले. बोलणं मवाळ, माणूस सज्जन. पण आता त्यांच्या कपाळावर आठी दिसायला लागली होती. त्यांचीही चूक नाही. थिसिस उत्तम आणि मुलीला थिसिसमधलं काही सांगता येत नाही, याचा अर्थ कोण काय काढेल? मलाही तेच सुचलं असतं. त्यांनी थिसिस मिटला आणि शांतपणे इंग्रजीत विचारलं, "हे काम तुम्ही स्वतः केलंय का?"

देशपांडे सर खुर्चीत अर्धे उठले आणि परत बसले.

"येस सर," वंदना म्हणाली. पुढं काहीतरी सांगणार होती, ओठ हललेही. पण ती थांबली, आणि खाली बघत उभी राहिली.

माझ्या मागच्या बाकावर तिचे वडील होते. सुट्टी टाकून, इस्त्रीचा शर्ट घालून आलेले. ते पुढं वाकून माझ्या कानाशी कुजबुजले, "मॅडम, ती सारखी डोन्ट नो डोन्ट नो का म्हणतीय? तिला येत नाय का?"

"येतं हो," एवढंच मी म्हटलं. त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांत धरून ठेवले होते.

राघवन सरांनी अजून एक प्रश्न घातला. सोपा, अगदी बी.एस्सी.च्या मुलाचा. वंदनानं तोंड उघडलं, आणि त्याच क्षणी माझ्या शेजारच्या आमच्या शनिवारच्या पोरांच्या माना एकदम वर झाल्या. सगळ्यांच्या, एकाच वेळी. विलास तर चक्क मागं वळून बघायला लागला, कोण वाजवतंय म्हणून.

तेव्हा मला ऐकू आलं. टक टक.

राघवन सरांच्या हातात जाड फाउंटन पेन होतं. उत्तर ऐकताना ते त्याचं टोपण टेबलावर वाजवत होते. सवय असते एकेकाची, कुणी पाय हलवतं, कुणी मिशी ओढतं. ते मन लावून ऐकायला लागले की पेन वाजायचं. आणि पेन वाजलं की आमची वंदना थांबायची. ती बिचारी जितकं चांगलं बोलायला जाणार, तितकं ते मन लावून ऐकणार, आणि तितकं पेन वाजणार.

मला स्वतःचा असा राग आला म्हणून सांगू! पण रागावून काय उपयोग होता? एक्स्टर्नल विचारत असताना मध्ये बोलायची सोय नव्हती. देशपांडे सरांना खूण करावी तर ते जमिनीकडे बघत बसलेले. वंदनाला खूण करावी तर परीक्षेत खाणाखुणा केल्या म्हणून सगळंच मुसळ केरात. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय ते मी त्या दिवशी बघितलं.

शेवटी राघवन सर म्हणाले, मला आणखी विचारायचं नाही. आवाजात नाराजी नव्हती, तेच जास्त लागलं. आता एकच रीत उरली होती. व्हायवा संपवण्याआधी श्रोत्यांना विचारतात, कुणाला काही प्रश्न? हे नुसतं म्हणायचं म्हणून म्हणतात. कुणी विचारत नाही, सगळ्यांचं लक्ष चहाकडे असतं. देशपांडे सरांनी पडलेल्या आवाजात ते म्हटलं, आणि मी उभी राहिले. सरांनी माझ्याकडे असं बघितलं, की ही बाई आता उरलंसुरलंही घालवणार.

मी इंग्रजीत म्हटलं, "सर, माझा प्रश्न उमेदवाराला नाही. तुमच्या पेनाबद्दल आहे."

बाहेरून आलेल्या परीक्षकाला असं बोलायची पद्धत तेव्हा नव्हती, आताही नाही. मी घाईघाईनं शनिवारची तासणी, बाक वाजवणं, सगळं सांगून टाकलं. राघवन सरांनी हातातल्या पेनाकडे बघितलं. ते आपण वाजवतो हेच त्यांना ठाऊक नव्हतं. मग म्हणाले, मॅडम, ही तुमची समजूत झाली. पुरावा काय?

बरोबरच होतं. मीही तेच विचारलं असतं.

मी वंदनाकडे वळले. तिला म्हटलं, पानं कुठल्या बागांतून आणलीस ते सांग. ती सांगायला लागली, पिंपळगावच्या कुठल्या भागातून, कुणाच्या बांधावरून. मी पेरांनी बाक वाजवला. ती मध्येच थांबली. शिवता शिवता कुणी सुईतला दोरा तोडावा तशी थांबली. मला फार वाईट वाटलं. ज्या गावांना ती ऊन-पाऊस न बघता गेली होती, त्यांची नावंसुद्धा तिला खात्रीनं घेता येईनात.

राघवन सर खुर्चीत पुढं सरकले. "पुन्हा करा," म्हणाले.

माणूस हाडाचा शास्त्रज्ञ. एका निरीक्षणावर विश्वास कसा ठेवेल? मी पुन्हा केलं, ती पुन्हा थांबली. आता वंदनालाही उमगलं होतं. ती कानापर्यंत लाल झाली, आणि मग, नशीब माझं, तिला हसू आलं. राघवन सरांनी पेनाचं टोपण घट्ट लावलं, ते देशपांडे सरांच्या हातात दिलं, थिसिस परत उघडला आणि म्हणाले, पहिल्यापासून सुरू करू या.

सुरुवातीला ती चाचपडली. दर वाक्याला त्यांच्या हाताकडे बघायची. हात रिकामा आहे हे पटल्यावर बोलायला लागली, आणि मग फळा भरला, पुसला, परत भरला. बीजाणू कसे रुजवले, कुठल्या पानांतले रुजले नाहीत, ते का नसावेत, सगळं. देशपांडे सरांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. ते आता स्वतःच पेन वाजवतील की काय, अशी मला धास्ती, म्हणून मी त्यांच्या हातावर नजर ठेवून होते.

शेवटी राघवन सरांनी विचारलं, की एका बागाईतदारानं ढीग जाळला आणि शेजाऱ्यानं जाळला नाही, तर किती फरक पडेल? तिनं हातातला खडू खाली ठेवला. "आय डोन्ट नो, सर."

मी आधी राघवन सरांच्या हाताकडे बघितलं. हात रिकामा होता.

"हे पेनाशिवायचं आहे ना?" त्यांनी विचारलं.

"हो सर. हे मी तपासलेलं नाही. तपासायचं झालं तर असं करीन," म्हणून ती परत फळ्याकडे वळली. राघवन सरांनी हात पुढं करून देशपांडे सरांकडून पेन मागून घेतलं आणि रिपोर्टवर सही केली.

चहाच्या वेळी पगारेकाका माझ्याजवळ आले. हातात पेढ्यांचा पुडा, डोळे ओले. विचारलं, मॅडम, तुम्ही मध्येच बाक का वाजवत होता? मी सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"म्हंजे तिला सगळं येत होतं?"

"सगळं येत होतं."

"मग मी घाबरलो ते फुकटच की," ते म्हणाले आणि पेढा माझ्या हातावर ठेवला.

देशपांडे सर पुढच्याच शनिवारी बाक वाजवणं बंद करायला निघाले होते. वंदनानंच अडवलं. म्हणाली, वाजवू द्या सर, पण वाजवणाऱ्यानं शंका काय ते बोलून दाखवायचं आणि बोलणाऱ्यानं थांबायचं नाही, कशावरून म्हणतो ते सांगायचं. तसा नियम झाला. ती सिन्नरला कायम झाली, तिथं तिनं स्वतःची तासणी सुरू केली, आणि पुढं एक्स्टर्नल म्हणूनही जायला लागली.

मी तीस-बत्तीस वर्षं शिकवलं. आपण काय शिकवलं ते आपल्याला पाठ असतं. समोरचं माणूस त्यातून काय शिकलं, हे मात्र कुणी परका येऊन टेबल वाजवेपर्यंत कळत नाही. म्हणून कुणाच्याही व्हायवाला गेले, की आधी एक्स्टर्नलच्या हातात काय आहे ते बघते.