शेजारची खुर्ची

“मी बसलेय. तू कर.”

शेजारणीचं हे वाक्य मी भिंतीपलीकडून इतक्या वेळा ऐकलं, की स्पॅनिश येत नसूनही ते मला पाठ झालं. नेदरलँड्समध्ये, टिलबर्गमधल्या आमच्या दोन घरांमधली भिंत पातळ. ती कोलंबियाची. गोदामातून दमून आली, की अंगातला कोटही न काढता लेकीच्या टेबलाशी खुर्ची ओढायची आणि शेंगा सोलत बसायची. पुस्तकातलं तिला काडीचंही कळत नसे.

“मग बसतेस कशाला?” मी एकदा मोडक्या डचमध्ये विचारलं.

“पोरीला एकटं वाटू नये म्हणून,” ती म्हणाली, आणि मूठभर शेंगा माझ्यापुढेही ठेवल्या. सोलायला!

अशा आया तुम्हीही पाहिल्या असतील.

इथे मूल बारा वर्षांचं झालं, की ते पुढे कुठल्या शाळेत जाणार हे शिक्षक सुचवतात. विद्यापीठाची सरळ वाट तिथेच ठरते. तिची पोर आणि माझा लेक एकाच वर्गात. बाईंनी दोघांनाही खालची शाळा सुचवली. आम्ही नवरा-बायको भांडायला गेलो आणि जिंकून आलो. हुज्जत घालायला आपल्याला शिकवावं लागत नाही. तिची पोर तर माझ्या लेकापेक्षा कितीतरी हुशार. मी म्हटलं, “चल, मी येते बरोबर.”

ती दचकलीच. “बाईंना उलट बोलू? आमच्याकडे आईनंतर बाईच.” वर त्यांना घरी केलेला केक देऊन आली.

पोरीच्या वाट्याला लांबचा वळसा आला. वाया गेलेल्या त्या वर्षांची मला अजून हळहळ वाटते.

एकदा कचऱ्याचा डबा बाहेर ठेवताना शेजारणीने हळूच विचारलं, “मी भांडायला हवं होतं ना?”

“पोहोचेल ती,” मी म्हटलं. “उशिरा, पण पोहोचेल.”

“हो. मी बसलेय ना.”

पोरीला विद्यापीठात प्रवेश मिळाला, त्याच्या आदल्या हिवाळ्यात तिची आई आजारी पडली आणि गेली.

पहिल्या परीक्षेआधी पोर वह्या घेऊन माझ्या स्वयंपाकघरात आली. “तुम्ही काही सांगू नका,” ती म्हणाली. “नुसतं बसाल?”

मी बसले. मी इंजिनिअर, तिच्या गणितातली चूक मला लगेच दिसली. मी तोंड उघडलं नाही. थोड्या वेळाने ती चूक तिची तिलाच सापडली. हसत तिने मान वर केली आणि शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं.

तिथे मी होते.