पडद्यासमोरची माझी पाळी
चिकटपट्टीचा वास आला की सोलापुरातला तो दवाखाना आठवतो. दुखऱ्या पाठीवर चमकते ठिपके चिकटवले की कॅमेरे ते टिपायचे, आणि मी वाकले की समोरच्या पडद्यावर ठिपक्यांची एक बाई माझ्यासारखीच वाकायची. तिच्याकडं बघून माझं कुठं चुकतंय ते कळायचं, आणि हळूहळू कंबर मोकळी झाली. या दुखण्याला नाटक म्हणून चादरीच्या कारखान्यातल्या मुकादमानं मला कामावरून काढलं होतं. एके दिवशी तोच कंबर धरून आला. ‘बाई, मला आधी जाऊ दे की, लई कळ मारतीया,’ तो म्हणाला. ‘न्हाय,’ म्हणून मी पडद्यासमोर गेले आणि त्याच्या डोळ्यांदेखत सावकाश, जमिनीला हात टेकेपर्यंत वाकले. ‘बास, झालं तुमचं,’ डॉक्टरबाई म्हणाल्या. ‘अजून एकदा,’ मी म्हटलं. बाकावर तो कण्हत होता. आज वाटतं, आणखी वेळ घ्यायला हवा होता.