माहेरच्या नावाने आलेला फोन

आयुष्यभर फिर्यादी आणि पंचनामे यांपलीकडे काही न लिहिलेल्या माणसाने निवृत्तीनंतर वाचकांसमोर यावे, हे धारिष्ट्यच आहे; क्षमा असावी. मी सीमाभागातला मराठी माणूस, नोकरी मात्र सारी बंगळूरच्या पोलीस ठाण्यांत झाली. पुष्कळ प्रकरणे विसरलो. हे एक विसरत नाही, कारण ते मला अजून नीटसे उमगलेले नाही.

सकाळची हजेरी आटोपत होती. पीण्या या औद्योगिक वसाहतीत लेथचा लहान कारखाना चालवणारे एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. तिच्या कडेवर पाच महिन्यांचा मुलगा होता. तिचे सासर सर्जापूर रोडवर, पुण्याहून आलेले कुटुंब. आठवड्यापूर्वी तिच्या मोबाइलवर आलेला फोन सासूबाईंनी उचलला होता. कोणा पुरुषाने सुनेचे माहेरचे नाव घेऊन म्हटले, की बाळाच्या नाळेचे रक्त एचआयव्हीसाठी तपासले होते, त्याविषयी बोलायचे आहे. सासूबाईंनी फोन बंद केला आणि सुनेला माहेरी धाडले.

"जावई काय म्हणतात?" मी विचारले.

"तो आईकडं बघतो, सर, आणि आई दाराकडं," वडील म्हणाले.

सासूबाईंचा जबाब घ्यायला मी स्वतः गेलो.

"लग्नात आम्ही तिचं नाव बदललं, साहेब. जुन्या नावानं फोन करणारा कोण असणार, हे तुम्हीच ओळखा."

"सूनबाईंची तपासणी झाली आहे. त्यांना हा रोग नाही."

"मग त्या माणसाला एचआयव्ही कशाला आठवला?"

मी तो प्रश्नही जबाबात उतरवून घेतला आणि उठलो.

परत येऊन मी मुलीला एवढेच विचारले, की हे जुने नाव अजून कुठे चालते.

"पहिलं बाळंतपण माहेरी झालं, सर. आधार कार्ड जुन्याच नावाचं, म्हणून दवाखान्यातही तेच लिहिलं. नाळेचं रक्त दान केलं, त्या फॉर्मवरही."

सासूबाईंना ज्या नावामागे जुना मित्र दिसला, त्यामागे मला एक फॉर्म दिसू लागला. फोनचा क्रमांक हेब्बाळच्या एका रक्तपेढीतील तंत्रज्ञाचा निघाला. त्याला ठाण्यात बोलावले.

"फोन तू केलास?"

"केला, सर."

कबुली इतक्या लवकर आली, की योजलेले प्रश्न निरुपयोगी झाले.

"आता स्वल्प ऐकून घ्या," तो म्हणाला.

त्याच्या थोरल्या भावाला एचआयव्ही होता आणि आता रक्ताचा कर्करोगही झाला होता. फार क्वचित एखाद्याच्या रक्तपेशींत या विषाणूला आत शिरायचे दारच नसते. दान म्हणून आलेल्या नाळेच्या रक्तात ही पेढी तोच जन्मजात गुण शोधत असे. तसे रक्त जुळले, तर दोन्ही रोगांवर आशा होती. या बाळात तो गुण सापडला होता, आणि रक्त भावाशी जुळतही होते. मात्र एका पिशवीतले रक्त प्रौढ माणसाला पुरणारे नव्हते.

"भावंडातही तो गुण असू शकतो. बाईंना आणखी मूल आहे का, एवढंच विचारायचं होतं. दात्याचं नाव बघायचा मला अधिकार नव्हता. अण्णासाठी बघितलं. सरी, सर, मान्य आहे, चूक माझी."

गोपनीय माहिती फोडल्याबद्दल मी गुन्हा नोंदवला. सासूबाईंचा प्रश्न मात्र तसाच होता. पेढीच्या डॉक्टरांनी बजावले, "हा निकाल कुणालाही सांगायचा नाही, आईलासुद्धा नाही. संमतीपत्रात तसंच लिहिलं आहे."

मी मुलीला सोबत घेऊन सासरी गेलो आणि सगळे सांगून टाकले. तिला आधी विचारलेही नाही. तीही ते तिथेच प्रथम ऐकत होती.

सासूबाईंनी बाळाकडे निरखून पाहिले. मग म्हणाल्या, "म्हणजे आमच्या नातवाला हा रोग होणारच नाही?"

"बहुधा नाही. पण हे घराबाहेर जाऊ देऊ नका."

त्यांनी मान डोलावली, सुनेला आत घेतले आणि दुसऱ्याच दिवशी साऱ्या इमारतीला कौतुकाने सांगितले. महिनाभराने मुलगी ठाण्यात आली. "घर राहिलं, सर, उपकार झाले. पण लोक बाळाला बघायला येतात. निदान मला आधी विचारायचं होतंत."

तंत्रज्ञाने भावासाठी जे केले, ते मी तिच्या संसारासाठी केले. आरोपपत्र मात्र एकावरच दाखल झाले, आणि त्यावर सही माझी होती. आम्हा दोघांत फरक कोणता, हे मी स्वतःला अनेकदा समजावले; पटले असे म्हणवत नाही.

वाचकहो, माझ्या जागी आपण काय केले असते?