हौ म्हणणारी त्रिवेणी

मलकपेठेतल्या आमच्या बिल्डिंगीत दुसऱ्या मजल्यावर दोनच दारं. एक माझं, समोरचं त्रिवेणीचं आणि तिच्या आईचं, म्हणजे पद्माकाकूंचं. मी मीना. मुलं बंगळूरला, नवरा नाही, आणि लोकांच्या घरात नाक खुपसते म्हणून बदनाम. असू दे. नाक खुपसलं नसतं तर हे सांगायला कोण होतं?

त्रिवेणी विद्यापीठाच्या ऑफिसात. इथल्या प्रोफेसरांना परदेशी विद्यापीठात पाठवायचं, तिकडचे आले की उतरवून घ्यायचं, यातच तिचे केस पिकले. स्वतः विमानतळाच्या आत कधी गेली नव्हती, पाहुण्यांच्या नावाची पाटी धरून बाहेर उभी. मग एक फेलोशिप निघाली, खास ऑफिसातल्या माणसांसाठी. इथलं एक माणूस फिनलंडला, तिथलं एक इथं, महिनाभर एकमेकांच्या खुर्चीवर. त्रिवेणीचं नाव लागलं तेव्हा तिनं सगळ्या बिल्डिंगीला पेढे वाटले.

घोर होता तो काकूंचा. त्यांना विसरायला व्हायचं. नवरा, अंबाजीराव, जाऊन कैक वर्षं झाली, पण रोज संध्याकाळी विचारायच्या, "बाबा आले का गं?" त्रिवेणी खरं बोलणारी. "आई, बाबा वारले. आता येणार नाहीत." काकू आत्ताच कळल्यासारख्या रडायच्या. रोज. मी म्हटलं, "अगं, रोज कशाला मारतेस त्या माणसाला?" तर म्हणे, "मीनाताई, आईशी खोटं बोलू का मी?" मी हात टेकले.

तिकडून आली ती हान्ना. पन्नाशीची, ठेंगणी, हसरी बाई. गेस्ट हाउसची दुरुस्ती निघालेली, म्हणून त्रिवेणीनं तिला आपलीच खोली दिली. आईला सोबत, पाहुणीला घर. दिवसा लक्ष ठेवायला मी होतेच. पण हान्नाला मराठी येईना आणि काकूंना इंग्रजी. बोलायचं कसं? सुलतान बाजारात फिरून, ऑटोवाल्यांशी हुज्जत घालून बाईनं एकच शब्द उचलला होता. हौ. तसे आम्ही मराठी लोकही इथं 'हो' कमी आणि 'हौ' जास्त म्हणतो. तिचा हौ मात्र लांब असायचा, शेवटाला वर चढायचा, तान्ह्या पोराशी बोलावं तसा.

"दमलीस?" हौ. "दूध झाकलंस?" हौ. "बाबा आले का गं?" हौ.

मी तिथंच उभी होते. म्हटलं, आता या दारात जाऊन बघतील. पण काकूंनी मान डोलावली, "मग भात टाकते," म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. त्या संध्याकाळी रडल्या नाहीत. नंतरही नाहीत. चार-आठ दिवसांत हान्नाला त्रिवेणी म्हणून हाक मारायला लागल्या. मी म्हटलं, चला, महिनाभर तरी म्हातारी सुखात आहे.

हान्ना गेली त्याच दिवशी त्रिवेणी आली. काकूंनी दार उघडलं.

"कोण पाहिजे?"

"आई, मी त्रिवेणी."

"त्रिवेणी ऑफिसात गेलीय. येईलच. तुम्ही बसा ना बाई." आणि पाहुण्याला देतात तसं ताटलीत पेला ठेवून पाणी आणलं. त्रिवेणी हसली. थकलीय आई, उद्या ओळखेल, म्हणाली.

नाही ओळखलं. उद्याही नाही, पुढच्या आठवड्यातही नाही. जेवताना काकू तिसरं ताट मांडायच्या आणि दाराकडं बघत बसायच्या. त्रिवेणी आपल्या पलंगावर टेकली की, "तिथं नको हो, माझी लेक झोपते तिथं." मग ती बाहेर सोफ्यावर, स्वतःच्याच घरात पाहुणी. एकदा माझ्याकडं येऊन बसली, चहा तसाच निवला. म्हणाली, "मीनाताई, मला वाटतं मी तिकडंच मेले, आणि मलाच कुणी सांगितलं नाही." मी तिला ओरडले. दुसरं काय करणार? मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

मीच म्हटलं, हान्नाला फोन लाव, व्हिडिओवर बघतील म्हणजे उलगडा होईल. लावला. काकूंनी तिचा चेहरा पाहिला. "ही गोरी बाई कोण?" म्हणाल्या. हान्ना हसली आणि सवयीनं म्हणाली, हौ.

काकू ताडकन उठल्या आणि दार उघडून जिन्यावर गेल्या. जिना रिकामा. "वर ये गं त्रिवेणी, खाली काय करतेस?" कठड्यावरून वाकून हाका मारत राहिल्या. पोटची त्रिवेणी त्यांच्या मागं फोन धरून उभी. मी भुताखेतांना भिणारी नाही, पण त्या वेळी भ्याले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आल्यावर त्रिवेणीनं किल्ली काढली नाही. बेल दाबली. मी माझ्या दारात होते.

"कोण? त्रिवेणी का?" आतून काकू.

त्रिवेणीनं माझ्याकडं बघितलं. मग डोळे मिटले आणि म्हणाली, "हौऽ." लांब, शेवटाला वर चढणारा. हुबेहूब.

कडी निघाली. काकूंनी तिच्या गालावरून हात फिरवला. "किती उशीर केलास गं. दमलीस?"

"हौ."

"बाबा आले का गं?"

आईशी एक शब्द खोटा न बोललेली पोर ती. काकू वाट बघत होत्या.

"हौ," त्रिवेणी म्हणाली.

काकू बाजूला झाल्या, ती आत गेली. पण दार त्यांनी तसंच धरून ठेवलं. डोक्यावर पदर घेतला, नजर खाली केली, आणि एक माणूस आत येऊन चपला काढील एवढा वेळ थांबून मग दार लावलं. मी माझ्या उंबऱ्यात भिंतीला चिकटून उभी होते, वाट देऊन.