खारट ठरवलेलं पाणी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सांगायची वेळ आली नाही असं नाही. आली, बऱ्याचदा आली, आणि दर वेळी मी दुसरंच काहीतरी बोलून उठलो. आजही सरळ सांगता येईल की नाही, माहीत नाही. तुम्ही जवळचे आहात असं धरून सुरुवात करतो — आणि प्रकाशापासून करतो. तिथे निदान मी खोटं बोललो नव्हतो.

डोंबिवलीत मानपाड्याला, कारखान्यांच्या वसाहतीच्या कडेला दामलेसाहेबांचं वर्कशॉप आहे. दारावरच्या पाट्या, शाळांच्या बक्षिसांच्या ढाली, ट्रॉफ्या. माझे बाबा, बाळाराम, तिथे कामाला. शटर उघडण्यापासून माल बांधण्यापर्यंत सगळं तेच करायचे. आधी अक्षरं हाताने कोरली जायची. मग साहेबांनी कुठून तरी परदेशी, वापरलेलं लेझरचं मशीन आणलं. मी तेव्हा बारावीत होतो. बाबा म्हणाले, येऊन बघ.

मी पाहिलं. हातभर लांबीची काचेची नळी — तिला ट्यूब म्हणतात. करंट गेला की ती आतून गुलाबी-जांभळी उजळायची. तिच्यातून निघणारा किरण मात्र डोळ्यांना दिसतच नाही. साहेबांनी सागाचा एक तुकडा खाली ठेवला आणि त्यावर आपोआप, कुणी हात न लावता, अक्षरं उमटत गेली. बारीक धूर, जळक्या लाकडाचा वास. त्यांनी बाबांचं नाव कोरलं होतं. बाबांना वाचता येत नाही. त्यांनी तो तुकडा हातात घेतला, अक्षरांवरून अंगठा फिरवला, मग नाकाशी नेला. आजही आमच्या दारावर तीच पाटी आहे. त्या दिवशी मी ठरवलं, फिजिक्सच घ्यायचं. आमच्या घरात तोवर कुणी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नव्हतं.

आता पाण्याचं सांगायला हवं.

ती ट्यूब तापते, म्हणून तिच्याभोवती सतत पाणी खेळतं ठेवावं लागतं आणि ते पाणी शुद्ध लागतं. वसाहतीच्या नळाच्या पाण्याला वास यायचा, टाकीच्या तळाशी गाळ बसायचा. तेव्हा बाबांनीच सुचवलं की आमच्या बावेचं पाणी आणतो. आमच्याकडे विहिरीला बाव म्हणतात. आमचे आजोबा मिठागरात राबले, लहानपणी बाबाही. दिवसभर खाऱ्या पाण्यात उभ्या राहणाऱ्या माणसाला गोडं पाणी म्हणजे काय, हे मला शब्दांत सांगता येणार नाही. बाबा ओंजळीतला एक थेंब जिभेवर ठेवायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे. कुणाच्या बावेला उन्हाळ्यात खार चढला, कुणाच्या नाही. आमच्या बावेला कधीच चढला नाही. म्हणून आळीत कुणाचंही लग्न असो, हळदीच्या आंघोळीचं पाणी आमच्या बावेचं. बायका गाणी म्हणत कळश्या घेऊन यायच्या आणि पहिली कळशी बाबा स्वतः ओढून द्यायचे. मला कॉलेज होतं, बाबांना बाव होती. तिचं पाणी कॅनमध्ये भरून ते सायकलवरून वर्कशॉपला न्यायचे.

मी एफ.वाय.ला असताना, शाळांच्या गॅदरिंगच्या दिवसांत, मशीनचा पॉवर सप्लाय गेला. म्हणजे ट्यूबला करंट देणारी पेटी. टक्‌ असा आवाज आला, करपल्याचा वास आला आणि ट्यूब काळोखी झाली. ढालींचा ढीग पडलेला. साहेब मला म्हणाले, "अरे विलास, तू फिजिक्सवाला ना? मग नवीन तूच बघून आण." बाबा शेजारी झाडू घेऊन उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते पाहिल्यावर — मला माहीत नाही, असं मी कसं म्हणणार होतो? म्हणायला हवं होतं. तीन शब्द होते.

ती मेलेली पेटी पिशवीत घालून मी ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये गेलो. तिथे असे सप्लाय बनवणारे एक गृहस्थ होते. त्यांनी टेबलावर दोन पेट्या ठेवल्या, एक लहान, एक मोठी, आणि, जुन्या पेटीवरचे आकडे करपून गेले असल्याने, एकच प्रश्न विचारला. ट्यूबला करंट किती चालतो? ते म्हणाले, ट्यूबवरच्या चिठ्ठीवर लिहिलेलं असतं.

मी चिठ्ठी वाचली नव्हती. वाचायची असते हेच मला ठाऊक नव्हतं. खाली रस्त्यावर फोनचं बूथ होतं. साहेबांना एक फोन केला असता तर त्यांनी चिठ्ठी वाचून सांगितली असती. पण मग ते काय म्हणाले असते? आणि बाबा शेजारीच असणार. मी म्हणालो, मोठीच द्या. मोठी म्हणजे चांगली, एवढंच माझं फिजिक्स.

त्या गृहस्थांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. "ने बाबा. पण मीटर लाव, आणि हा बारीक स्क्रू दिसतोय ना, तो फिरवून करंट खाली आणून ठेव. पोराला घास भरवतोस तसं. त्याच्या तोंडात मावेल तेवढाच."

मी म्हणालो, हो, माहितीये.

मी मीटर लावला नाही. स्क्रूला हात लावला नाही. तारा जुळवल्या आणि बटण दाबलं. काय सांगू तुम्हाला! ट्यूब अशी उजळली की सगळं वर्कशॉप काम सोडून भोवती जमलं. अक्षरं पूर्वीच्या दुप्पट खोल. साहेबांनी पाठ थोपटली. बाबांनी मशीनला हात जोडले आणि तसेच जोडलेले हात घेऊन क्षणभर माझ्याकडे वळले. मला त्या हातांची भीती वाटली. आनंदही झाला. दोन्ही एकदम होऊ शकतं, हे मला तेव्हा कळलं.

काही आठवड्यांनी ट्यूबचा रंग उतरू लागला. जांभळ्याचा गुलाबी, गुलाबीचा पांढरट. अक्षरं पुसट येऊ लागली. एके सकाळी ती पेटलीच नाही. टोकाशी केसासारखी चीर गेली होती. साहेब फोनवर बोलत होते तेव्हा मी मागे वाकलो आणि चिठ्ठी पहिल्यांदा वाचली. मी आणलेली पेटी तिला झेपण्याच्या जवळजवळ दुप्पट करंट देत होती. ट्यूब मी मारली होती.

साहेब आले. चिडलेले नव्हते, थकलेले दिसत होते. कशाने गेली असेल रे, एवढंच त्यांनी विचारलं. बाबा दारातून नुकते आत आलेले, हातात पाण्याचा भरलेला कॅन.

इथे मला थांबावंसं वाटतं. पण थांबलो तर पुन्हा तेच होईल.

मी म्हणालो, "पाण्यात मीठ असेल, साहेब. खाऱ्या पाण्यातून करंट गळतो."

हे वाक्य पुस्तकाप्रमाणे बरोबर आहे. त्याच महिन्यात आम्हाला शिकवलेलं. म्हणूनच ते लगेच पटलं. बाबांनी कॅन खाली ठेवला, टाकीत बोटं बुडवली, जिभेला लावली, डोळे मिटले. साहेब थांबले, मीही थांबलो.

"मना तं खारा नाय लागत," बाबा म्हणाले. आणि माझ्याकडे पाहू लागले. त्यात आरोप नव्हता. त्यांना खरंच माझ्याकडून जाणून घ्यायचं होतं.

अजूनही वेळ होती, नाही का? मी म्हणालो, "एवढंसं मीठ जिभेला कळत नाही, बाबा. ते मशीनलाच कळतं."

बाबांनी ओली बोटं सदऱ्याला पुसली. मग मान हलवून म्हणाले, "तू शिकलेला. तू सांगतंस तं आसंल."

साहेब बाबांना एका शब्दाने बोलले नाहीत. नवी ट्यूब आली आणि बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी दुकानातून येऊ लागलं. आणि मी — हे ऐका — नवी ट्यूब बसवली त्याच दिवशी, कुणी नसताना, तो बारीक स्क्रू फिरवला. मीटर लावला. करंट चिठ्ठीप्रमाणे खाली आणला. साहजिकच ती ट्यूब टिकली. आजही चालते आहे. बाबा ती रोज पाहत होते आणि रोज त्यांना पुरावा मिळत होता की आपलं पाणी खारट, आपली जीभ चुकीची.

त्या वर्षी आळीत लग्न निघालं. बायका गाणी म्हणत कळश्या घेऊन आल्या. बाबांनी त्यांना पायरीवरच थांबवलं. "आमची बाव खारी झाली," ते म्हणाले. "पोरानी तपासलंय."

एक म्हातारी हसली. "कालच प्याले रं बालाराम. साखर हाय, साखर."

"तुमचे जिभेला नाय कलाचा त्ये," बाबा म्हणाले. "मशीनीलाच कलतं."

माझंच वाक्य. आणि आवाजात केवढा अभिमान! मी ओट्यावर पुस्तक घेऊन बसलो होतो. त्या बायका दुसऱ्या बावेकडे वळल्या, गाणं थोडं पुढे जाऊन पुन्हा सुरू झालं. न दिसणाऱ्या किरणाने लाकडात नाव कोरलं जातं, हे पाहून मी एकदा थक्क झालो होतो. त्या दिवशी त्याहून जास्त थक्क झालो. एवढा विश्वास माणूस कुठून आणतो? जन्मभराची जीभ एका पोराच्या दोन वाक्यांवरून बाजूला ठेवता येते? त्यानंतर बाबांना डोळे मिटून पाणी चाखताना मी पाहिलेलं नाही.

गेल्या वर्षी आमच्या मागच्या जागेवर बिल्डिंग उठायची ठरली. बिल्डरचा माणूस बरा होता. म्हणाला, काका, बाव ठेवायची असेल तर कंपाउंडमध्ये ठेवू, झाकण घालून देऊ. बाबांनी त्याला थोडाही विचार न करता सांगितलं, "खारीच हाय. भरा." ट्रक मागे येत होता, मुरूम कोसळत होता. सुरुवातीला पाण्याचा आवाज येत होता, मग येईनासा झाला. मी तिथेच उभा होतो. एम.एस्सी.ला आहे मी आता. तेव्हाही बोललो नाही.

एक गोष्ट अजून सांगितलेली नाही. ट्यूब गेली त्या सकाळी, चिठ्ठी वाचून झाल्यावर आणि साहेब फोन ठेवून येण्याआधी, मी टाकीत बोट बुडवून जिभेला लावलं होतं. मीठ लागावं असं मला फार वाटत होतं. मी पुन्हा बुडवलं, पुन्हा लावलं, डोळे मिटले, बाबांसारखे.

पाणी गोड होतं.