संशोधनाला एकच विषय
सांधे शेकायचं मेण तापू लागलं की त्याच्या वासासरशी मला जुन्या जालन्यातल्या आमच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यातली ती दुपार आठवते. पुढचं संशोधन कोणत्या दुखण्यावर व्हावं हे रुग्णांनीच ठरवावं, म्हणून मोठ्या कॉलेजातल्या एक मॅडम आल्या होत्या. विषय मात्र एकच घ्यायचा होता. पंखा गरम हवाच ढवळत होता. मोंढ्यात धान्याची पोती उचलणारा एक हमाल उठून म्हणाला, "कंबरंवर करा. आमचं पोट तिच्यावर हाये." टेंभुर्णीहून आलेल्या बाईच्या मांडीवर तिची मुलगी होती, जन्मापासून मान न धरणारी. बाई म्हणाली, "अशा लेकरांवर करा. माझी पोर बसाया तरी शिकंल." हमाल म्हणाला, "ती बसून काय करनार हाये? तिच्यापायी आमचं कामून अडवून राह्यल्या?" त्याला कुणी टोकलं नाही; मागून दोघंतिघं 'बराबर हाये' म्हणाले. मॅडमनी हात वर करायला लावले आणि कंबर निवडली गेली. बाईनं पोरीला खांद्यावर घेतलं आणि दारात मला विचारलं, "ताई, तुमी आमाला इचारायला बोलावलं व्हतं, का एकमेकाच्या अंगावर सोडायला?" मी म्हणाले, "पुढच्या वेळी तुमचा विषय घेऊ." "पुढची येळ तुमच्यापाशीच ठेवा," ती म्हणाली, आणि पुन्हा कधी आली नाही. हमाल अजून माझ्याकडंच येतो. त्या संशोधनातल्या व्यायामांनी बराच आराम पडला, असं तो हसून सांगतो, तेव्हा मी त्याला फक्त पालथं व्हायला सांगते.